पल्ल्यात बसतं म्हणजे ओबोचं झालं, असं नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कुठे जातंय ते कळेल. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या तुमच्या पहिल्याच रचनेत ओबोला, म्हणजे सनईसारख्या दोन पात्यांच्या रीडवर वाजणाऱ्या वाद्याला, १६ बारचा संथ सोलो आहे. सगळे स्वर ओबोच्या पल्ल्यात आहेत आणि संगणकावर तो सुरेख ऐकू येतो. पण एका ओबोवादकाने तो वाजवून पाहिला आणि म्हणाला, ''वाजतो, पण हा ओबोचा नाही.'' त्याने कारण सांगितलं नाही आणि तुम्ही संकोचाने विचारलं नाही. आता तुम्हाला हवंय की एखादा सोलो त्या वाद्यासाठी चांगला लिहिलाय, हे कशावरून ठरतं.

मी क्लॅरिनेट वाजवते. दुसऱ्यांच्या रचनांचं ऑर्केस्ट्रेशन करणं आणि पार्ट तयार करणं हेही बरीच वर्षं चालू आहे. त्यामुळे स्टँडच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहिलाय. तुमचा स्कोअर बघितला. ओबोवादक खरं बोलला, आणि त्याने ते सभ्यपणे सांगितलं.

पल्ल्याचा तक्ता एवढंच सांगतो की अमुक स्वर त्या वाद्यातून निघतो. तो कसा निघतो, किती जोराने, किती वेळ, कोणत्या स्वरावरून आल्यावर, आणि तो काढताना वादकाला काय सोसावं लागतं, यातलं काहीच तक्त्यात नसतं. लाकडी सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांची गंमत अशी की तळापासून टोकापर्यंत ती एकसारखी नसतातच. व्हायोलिनची तार बदलली की रंग बदलतो, पण बासूनचा (खालच्या आवाजाच्या दुहेरी-रीड वाद्याचा) तळ आणि बासूनचा माथा ही जवळजवळ दोन वेगळी माणसं आहेत. चांगल्या सोलोत हा असमानपणाच कामाला लावलेला असतो. तुमच्या सोलोत तो जागोजाग आडवा आलाय. माझं म्हणणं एवढंच आहे; पुढचा सगळा त्याचा तपशील.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करते. वाजवणारा कोण आहे? मुंबईत एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातल्या वादकासाठी लिहिणं वेगळं, कॉलेजच्या हौशी वाद्यवृंदासाठी वेगळं. कुठे वाजणार? सभागृहात, की स्टुडिओत मायक्रोफोनसमोर? कधी? जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत रीड एका तऱ्हेने वागते, एसी सभागृहात शिरल्यावर दुसऱ्या. ओबो आणि बासूनचे वादक रीडवरून चिंतेत दिसले तर ते नखरे समजू नका. आणि सोलो रचनेत कुठे येतो? कोर आंग्लेचा (ओबोच्या खालच्या आवाजाच्या भावाचा) वेगळा वादक असेल तर तो ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीची अख्खी पहिली मूव्हमेंट (खंड) गप्प बसलेला असतो आणि लगेच दुसरीत त्या सिम्फनीतली सगळ्यात प्रसिद्ध धून त्यालाच वाजवायची असते, तीही गार वाद्यावर. गार वाद्य सुरात खाली असतं. यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही, पण माहीत असलं तर त्या सोलोचा पहिला स्वर कोणता द्यायचा याचा विचार तुम्ही दोनदा कराल.

आता मुख्य मुद्दा: कुठे जाड, कुठे बारीक.

तुमचा सोलो मधल्या सी च्या खालच्या बी वर, पीपी (अगदी हळू) मध्ये सुरू होतो. तिथून हळूहळू चढत बाराव्या बारमध्ये स्टाफच्या (स्वरलिपीच्या पाच रेषांच्या) वर तिसऱ्या लेजर लाइनवरच्या (जादा रेषेवरच्या) ई वर एफएफ (खूप मोठा आवाज) गाठतो आणि शेवटी परत तळाच्या सी वर येऊन पीपीपी मध्ये विरतो. कागदावर कमान सुंदर दिसते. गाणाऱ्याला हेच सुचेल, कारण गळा वर चढला की ताण वाढतो आणि आवाजही मोठा होतो. बासरीलाही हे चाललं असतं: पाश्चात्त्य फ्लूट खाली मऊ आणि क्षीण असते, वर चढेल तशी झळाळते.

ओबो याच्या नेमका उलट आहे. त्याचे तळाचे स्वर, सी, बी आणि बी फ्लॅट, हे जाड, भरड आणि मोठे. पीपी मध्ये ते सुरू करणं ही ओबोवादकाच्या आयुष्यातली नको असलेली वेळ. एक तर रीड बोलतच नाही आणि नुसती हवा जाते, नाही तर स्वर एकदम फुटतो, आणि सगळं सभागृह शांत असताना फुटतो. वर मात्र, स्टाफ ओलांडून दुसऱ्या लेजर लाइनच्या पुढे, आवाज बारीक होत जातो. वरच्या ई वर एफएफ लिहिलंत तरी येतो तो मोठा आवाज नाही, टोकदार आवाज येतो. म्हणजे तुमच्या कमानीत जिथे कुजबुज हवी तिथे वाद्य ओरडतं आणि जिथे शिखर हवं तिथे ते चिमटं होतं. संगणकावर हे कळणार नाही, कारण सॅम्पल लायब्ररीत प्रत्येक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करून आवाज सारखा केलेला असतो. तिथे तळातली फ्लूटसुद्धा तीन ट्रॉम्बोनांवर मात करते.

क्लॅरिनेटचा आलेख आणखी निराळा. तळाचा भाग, ज्याला शालुमो म्हणतात, तो गडद आणि भरलेला, आणि तरी अगदी शून्यातून उगवू शकतो व शून्यात विरू शकतो. बाकी कुठल्याही सुषिर वाद्याला हे इतकं सहज येत नाही. चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात आठवा, १८८८ ची. दोन क्लॅरिनेट तळात एकाच सुरात दैवाची ती जड चाल वाजवतात. तोच स्वरसमूह वरच्या सप्तकात दिला असता तर छान गाणं झालं असतं आणि धास्ती निघून गेली असती. प्रोकोफिएव्हने १९३६ मध्ये पीटर आणि लांडग्याच्या गोष्टीत मांजर क्लॅरिनेटलाच दिली, तीही तळात, तुटक स्टकाटोत. मऊ पंजे आणि आत लपलेली नखं, दोन्ही त्या सप्तकात आहेत.

मग येतात गळ्याचे स्वर, लिहिलेल्या जी पासून बी फ्लॅटपर्यंतचे. इथे जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात आणि आवाज मंद, किंचित घोगरा येतो. त्याच्या लगेच वरचा बी वाजवायला मात्र जवळजवळ सगळी बोटं एकदम बंद करावी लागतात. याला आम्ही ब्रेक म्हणतो. चांगला वादक तो झाकतो. पण तुमच्या सोलोतला सगळ्यात हळवा, लांब धरलेला स्वर जर नेमका गळ्यातल्या बी फ्लॅटवर आला, तर तो झाकण्यातच त्याची निम्मी शक्ती जाईल.

चायकोव्हस्कीचंच दुसरं उदाहरण घेते, कारण त्यात चांगलं लेखन आणि अडचणीचं लेखन शेजारी शेजारी आहे. १८९३ च्या सहाव्या सिम्फनीत, पहिल्या मूव्हमेंटचा विस्तार सुरू होण्याच्या अगदी आधी, क्लॅरिनेट दुसरं गाणं घेऊन हळूहळू विझत जातो. हे क्लॅरिनेटचंच काम आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. आणि मग त्या ओळीचे शेवटचे चार स्वर चायकोव्हस्की बासूनला देतो, सहा पी लिहून. बासूनला खालच्या अंगात इतकं हळू वाजवणं फार अवघड. म्हणून अनेक कंडक्टर ते चार स्वर बास क्लॅरिनेटकडे देतात आणि ओळ न तुटता विझते. मला स्वतःला बास क्लॅरिनेटचीच सोय पटते, पण बासूनवादकांसमोर हे बोलू नये. त्यांच्यात हे चार स्वर मूळ पार्टप्रमाणे नीट वाजवणारे आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

आता वाद्याचा कमकुवतपणा कामाला लावणं म्हणजे काय ते बघा. देबुसीची फॉनवरची (फॉन म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) १८९४ ची रचना एकट्या फ्लूटने सुरू होते. पहिला स्वर सी शार्प, स्टाफच्या तिसऱ्या घरातला. फ्लूटवर हा जवळजवळ पूर्ण उघडा स्वर आहे. डाव्या हाताची बोटं उचललेली, फक्त उजव्या करंगळीखाली एक की. नळीचा फार थोडा भाग वाजत असतो, म्हणून आवाज वाऱ्यासारखा, किंचित पोकळ आणि सुरात चढण्याची खोड असलेला. विद्यार्थी हा स्वर बाकीच्यांसारखा करण्यासाठी वर्षानुवर्षं झटतात. देबुसीने नेमका तोच निवडला, त्यावर मऊ आणि भावपूर्ण असं लिहिलं, आणि तिथून अर्ध्या अर्ध्या स्वरांनी जी पर्यंत घसरत नेऊन परत वर आणलं. दुपारची सुस्ती, अर्धवट जाग, जे काही म्हणाल ते त्या एका स्वराच्या अस्थिरतेत आहे. हीच ओळ ओबोला द्या: तो सी शार्प ठाम, नाकातला, पूर्ण जागा झालेला येईल. ए क्लॅरिनेटला (हा लिहिल्यापेक्षा दीड स्वर खाली वाजतो) द्या: लिहिलेला ई येईल, ब्रेकच्या वरचा, स्वच्छ आणि खात्रीचा. दोन्ही सुंदर, आणि दोन्हींत फॉन नाही.

स्ट्राविन्स्कीने १९१३ मध्ये वसंतावरच्या बॅलेची सुरुवात बासूनला मधल्या सी च्या एक सप्तक वरच्या सी वर देऊन केली. तिथे बासून बासूनसारखा ओळखूसुद्धा येत नाही. आवाज आवळलेला, कुठल्या तरी जुन्या वाद्याचा वाटतो. त्या उंचीवर ही ओळ कोर आंग्ले आरामात वाजवेल आणि म्हणूनच तिथे तो निरुपयोगी. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज चांगले विद्यार्थीही हा सोलो स्वच्छ वाजवतात, पुष्कळदा उंच स्वरांसाठी वेगळी रीड लावून. त्यामुळे १९१३ च्या पॅरिसमधला ताण आज तितकासा ऐकू येत नाही. ताणावर उभं केलेलं लेखन वादकांच्या तयारीबरोबर जुनं होतं. तुम्ही 'मुद्दाम अवघड लिहिलंय' असं म्हणणार असाल तर हे लक्षात ठेवा. शिवाय मुद्दाम अवघड आणि अजाणता अवघड यातला फरक वादकाला पहिल्या दोन बारमध्ये कळतो.

श्वासाकडे येते. तुमच्या १६ बारमध्ये नवव्या बारला एक क्रोचेट (एका मात्रेची) विश्रांती आहे, बाकी ओळ सलग. लय मिनिटाला ५४ मात्रा लिहिली आहे. म्हणजे ६४ मात्रांना सत्तर सेकंदांहून थोडा जास्त वेळ, आणि त्यात हक्काचा श्वास एक.

इथे ओबोबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. फ्लूटवादकाची हवा संपते. ओठातून निघालेल्या हवेचा बराच भाग वाद्यात न जाता बाहेरच जातो, तळात तर फारच. ओबोवादकाचं दुखणं उलटं आहे. रीडचं तोंड इतकं अरुंद असतं की हवा फार हळू बाहेर पडते. वाक्य संपतं तेव्हा छातीत हवा भरपूर उरलेली असते, पण वापरून झालेली. त्याला आधी ती बाहेर टाकावी लागते आणि मग नवी घ्यावी लागते. कामं दोन, म्हणून वेळही दोघांचा. स्वल्पविरामाएवढ्या फटीत नुसतं टाकून होतं किंवा नुसतं घेऊन होतं. तसं दोन-तीनदा झालं की चेहरा लाल होतो, ओठ थकतात आणि सूर बसायला लागतो. काही ओबोवादकांना गालात हवा धरून नाकाने श्वास घेत सलग वाजवता येतं, आपल्याकडचे सनईवादक करतात तसं. पण त्याच्या भरवशावर पार्ट लिहायचा नसतो.

म्हणून विश्रांती लिहा, आणि ती वाक्याचा भाग म्हणून लिहा, दुरुस्ती म्हणून नको. ब्रह्म्सच्या १८७८ च्या व्हायोलिन कॉन्चेर्तोची संथ मूव्हमेंट ऐका. व्हायोलिन येण्याआधी अख्खी धून ओबो गातो, आणि चांगली लांब आहे ती. ओबोवादकांना सोपी नाहीच. पण कान देऊन ऐकलंत तर वाक्यं कुठे खाली टेकतात आणि कुठे नुसती वळतात ते कळतं, आणि वादकाला कुठे टाकायचं व कुठे घ्यायचं हे ठरवायला वाव मिळतो. तुमच्या ओळीला टेकायला जागाच नाही. ती छान आहे, पण कीबोर्डवर सुचलेली आहे. कीबोर्डला श्वास घ्यावा लागत नाही.

त्याच ब्रह्म्समध्ये आजूबाजूलाही बघा. बासून आणि हॉर्न दोन बार वातावरण तयार करतात, ओबो गातो तेव्हा साथ फक्त फुंकवाद्यांची, तंतुवाद्यं पूर्ण गप्प. सोलोचं निम्मं लेखन हे बाकीच्यांनी काय करू नये याचं लेखन असतं. देबुसी आणि स्ट्राविन्स्की दोघांनीही पहिला स्वर संपूर्ण शांततेत ठेवलाय. ड्वोर्झाकने १८९३ मध्ये कोर आंग्लेच्या धुनेखाली म्यूट लावलेली तंतुवाद्यं धरून ठेवली. तुमच्याकडे सोलोच्याच उंचीवर दुसऱ्या व्हायोलिनचं ट्रेमोलो (गजाचं थरथरतं वादन) आहे, दोन हॉर्न आहेत आणि वर क्लॅरिनेट ओबोबरोबर एकसुरात जोडलाय. ही शेवटची गोष्ट सगळ्यात घातक. ओबो आणि क्लॅरिनेट एकसुरात आले की दोघांचाही चेहरा पुसला जातो आणि तिसरा रंग तयार होतो. शुबर्टने १८२२ च्या अपूर्ण सिम्फनीत पहिल्या मूव्हमेंटची धून नेमकी अशीच, ओबो आणि क्लॅरिनेट एकसुरात, दिली आहे, कारण त्याला कोणा एकाचं बोलणं नको होतं. तुम्हाला 'ओबो सोलो' हवाय. मग क्लॅरिनेटला घरी पाठवा.

'पण रेकॉर्डिंगमध्ये तर तळातली फ्लूट पन्नास व्हायोलिनवर ऐकू येते' असं तुम्ही लिहिलंय. येते, कारण तिला स्वतःचा मायक्रोफोन असतो. हिंदी चित्रपटांचं पार्श्वसंगीत ऐकत वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या कानांना ती सवय आहे. स्टुडिओसाठी लिहिणार असाल तर खुशाल लिहा. सभागृहात मात्र सहाव्या रांगेत काय पोचतं तेवढंच खरं.

तुमच्या पाचव्या आणि तेराव्या बारमध्ये मींड आहे, पिच बेंड करून काढलेली. ती कुठून आली ते कळतं, आणि ऐकायला गोड आहे. बांसरीवर मींड निघते कारण भोक उघडं असतं आणि बोटाची चामडी ते थोडं थोडं उघडत जाते. थिओबाल्ड बोमने १८३२ आणि १८४७ मध्ये फ्लूटची यंत्रणा नव्याने बसवली तेव्हा बोटाखाली की आल्या. सूर आणि वेग मिळाला, ही मुभा पुष्कळशी गेली. ओबोवर आजकाल बहुतेक भोकांवर झाकणं असतात. ओठांनी स्वर थोडा वाकवता येतो, अर्ध्या स्वराएवढा, तोही विशिष्ट जागी. तुम्ही मागितलेली पाच स्वरांची सलग मींड निघणार नाही. निघाली तरी पायऱ्यांनी निघेल.

क्लॅरिनेटवर बोटं थेट भोकांवर असतात, म्हणून वरच्या भागात ती जमते. गर्श्विनच्या १९२४ च्या जॅझ रॅप्सडीची ती सुरुवातीची चढती किंचाळी सगळ्यांना माहीत आहे. कागदावर ती १७ स्वरांची सरळ चढती धाव होती. तालमीत रॉस गॉर्मन नावाच्या क्लॅरिनेटवादकाने तिचा वरचा भाग घसरवला, आणि गर्श्विनने ते ठेवलं. आजही आम्ही खालचा भाग बोटांनीच वाजवतो आणि ब्रेक ओलांडल्यावर बोटं सरकवायला लागतो. म्हणजे त्या सोलोतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट वादकाच्या हातातून आली, आणि संगीतकाराचं शहाणपण ती ओळखण्यात होतं. तालमीत ओबोवादक 'मी इथे असं केलं तर?' असं म्हणाला तर आधी ऐका.

बोटांबद्दल थोडक्यात, कारण हा भाग कुठल्याही चांगल्या तक्त्यात मिळतो. करंगळीची आणि बासूनच्या डाव्या अंगठ्याची कामं वाढली की वेग कमी होतो. त्या अंगठ्याकडे एकट्याकडे इतक्या की असतात की इतर वादक बघूनच घाबरतात. फ्लूटचा तळाचा सी ते डी फ्लॅट ट्रिल (दोन स्वरांची झटपट अदलाबदल) लिहू नका, एकाच करंगळीला दोन्हीकडे धावावं लागतं. क्लॅरिनेट बी फ्लॅट सुराचा घ्यायचा की ए सुराचा, हे रचनेचा सूर बघून ठरवा. राखमानिनोव्हच्या दुसऱ्या सिम्फनीच्या संथ मूव्हमेंटमधला तो लांबलचक सोलो ए मेजरमध्ये आहे आणि ए क्लॅरिनेटसाठी लिहिलाय, म्हणजे वादकासमोर सी मेजर येतो. बोटांना काही डोकेदुखी नाही. सगळं लक्ष श्वास आणि ओळीवर.

आता एक शंका तुम्ही घ्याल, म्हणून मीच घेते. 'हीच ओळ दुसऱ्या वाद्याला देऊन बघा. अर्थ तसाच राहिला तर ती त्या वाद्याची नव्हतीच' ही कसोटी मी शिष्यांना देते. पण थोर संगीतकारांनी एकच धून दोन वाद्यांना दिलीच आहे की! अपूर्ण सिम्फनीच्याच दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये क्लॅरिनेट एक लांब सोलो सुरू करतो आणि पुढे ओबो तो उचलतो. खरं आहे. मात्र तिथे शुबर्टला माणूस बदलायचा होता. क्लॅरिनेट एकट्याने बोलल्यासारखा ऐकू येतो, ओबो आला की कोणीतरी ऐकून उत्तर दिल्यासारखं वाटतं. ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. तिच्यातून एवढंच शोधा की वाद्य बदललं तर काय बदलतं, आणि ते तुम्हाला माहीत आहे का. रिम्स्की-कोर्साकोव्ह शिकवताना प्रत्येक फुंकवाद्याचा एक खास पट्टा दाखवत असे, जिथे त्या वाद्याला सर्वाधिक भाव येतो. तो पट्टा पूर्ण पल्ल्यापेक्षा खूपच लहान असतो. ओबोचा साधारण स्टाफच्या आतला आणि जरासा वरचा.

म्हणजे तुमच्या सोलोचं काय करायचं? आहे त्यातलं शक्य तेवढं राखून सांगते.

सध्या त्याची व्याप्ती दोन सप्तकं आणि वर चौथा स्वर इतकी आहे, जवळजवळ अख्खा ओबो. ती आवळा. ड्वोर्झाकच्या त्या धुनेचं पहिलं वाक्य डी फ्लॅट ते ए फ्लॅट, फक्त पाच स्वरांच्या अंतरात आहे आणि कोणाला ते अपुरं वाटलेलं नाही. तुमची पहिली चार बारची ओळ चौथ्याने वर न्या, म्हणजे सुरुवात तळाच्या बी ऐवजी ई वर येईल, स्टाफच्या सर्वांत खालच्या रेषेवर. तिथे ओबोला पी मध्ये बोलता येतं. तुम्हाला तळाच्या बी चा खडबडीतपणाच हवा असेल तर तोही ठेवता येईल, पण मग तो एमएफ (मध्यम मोठा) लिहा, जोर देऊन, आणि सुरुवातीला नको. सातव्या बारमध्ये ओळ रागावते तिथे तो शोभेल.

शिखर वरच्या ई वरून खाली आणा, स्टाफच्या वरच्या ए किंवा बी पर्यंत. तिथे ओबो खरंच गातो आणि साथ विरळ असेल तर एफ पुरतो. एफएफ चा मोह सोडा. सोलो मोठा वाटतो तो आजूबाजूचे गप्प झाले म्हणून. दुसऱ्या व्हायोलिनचं ट्रेमोलो एक सप्तक खाली आणि पीपी. हॉर्न शिखरानंतर येऊ दे, आधी नको.

चौथ्या, आठव्या आणि बाराव्या बारच्या शेवटी अर्धी-अर्धी मात्रा नको, पूर्ण क्रोचेट विश्रांती द्या. आठव्याच्या शेवटी तर दोन मात्रा द्या आणि त्या जागेत चेलोला तुमचा पहिल्या बारचा तुकडा द्या. ऐकणाऱ्याला संवाद वाटेल, वादकाला छाती रिकामी करता येईल. मींडेच्या जागी अलंकारासारखे दोन झटपट स्वर लिहा, किंवा ती ओळच बाहेर काढून दुसरीकडे क्लॅरिनेटच्या वरच्या भागात वापरा. तिथे ती जिवंत राहील.

आणि शेवट. तळाच्या सी वर पीपीपी मध्ये विरणं ओबोकडून मागू नका. चौदाव्या बारमध्ये ओबोला जी वर थांबवा आणि शेवटचे दोन बार क्लॅरिनेटला शालुमोत द्या. चायकोव्हस्कीने जो क्रम क्लॅरिनेटकडून बासूनकडे नेला, तो तुम्ही ओबोकडून क्लॅरिनेटकडे नेताय. इथे तो वाद्यांच्या स्वभावाबरोबर जातो. जोडाच्या जागी एक स्वर दोघांनी मिळून धरावा, म्हणजे सांधा ऐकू येणार नाही. गंमत म्हणजे ज्या क्लॅरिनेटला मी वर घरी पाठवलं होतं त्याला बरोबर योग्य वेळी परत बोलावलंत.

हे सगळं झालं की त्याच ओबोवादकाकडे पुन्हा जा. त्याच्या वेळेचे पैसे द्या, चहा वेगळा. त्याला 'बरा आहे का?' असं विचारू नका, कोणीही 'हो' म्हणेल. 'कुठल्या बारमध्ये तुला आधीपासून काळजी वाटते?' असं विचारा आणि तो कागदावर पेन्सिलने कुठे श्वासाची खूण करतो ते बघा. खूण तुम्ही ठेवलेल्या विश्रांतीवर पडली तर ठीक. भलतीकडे पडली तर तिथे वाक्याचं वळण पुन्हा तपासा.

मला पाठवणार असाल तर स्कोअर नको, ऑडिओ तर नकोच. नुसता ओबोचा पार्ट पाठवा, वादकाला स्टँडवर दिसेल तसा, आधीच्या विश्रांतीचे बार मोजून. सोलोच्या आधी त्याला किती वेळ गप्प बसवलंय तेही मला बघायचंय.